औषध गाठीत पोहोचते, पुढे?

डॉक्सोरुबिसिन हे किमोथेरपीतले जुने आणि दणकट औषध. रंगाने लालभडक. शिरेतून सोडले की रक्ताबरोबर अंगभर फिरते. हृदयाच्या स्नायूत जाते, अस्थिमज्जेत जाते, केसांच्या मुळांशी जाते. म्हणून तर केस गळतात, पांढऱ्या पेशी घटतात आणि आयुष्यभरात एकूण किती डॉक्सोरुबिसिन द्यायचे यावर हृदयाच्या धास्तीने मर्यादा घालावी लागते. ज्या गाठीसाठी हा सगळा खटाटोप, तिच्या वाट्याला मात्र थोडेच येते. २०१६ मध्ये टोरोंटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले नॅनोकणांवरचे शोधनिबंध एकत्र करून हिशेब मांडला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणारा वाटा, मध्यक धरला तर, ०.७ टक्के निघाला. हे आकडे प्राण्यांवरच्या प्रयोगांचे, आणि नॅनोकण तर खास गाठीत पोहोचावेत म्हणूनच घडवलेले. तरीही शंभरात एक भागसुद्धा नाही.

असे का होते, याचे उत्तर गाठीच्या बांधणीत आहे. गाठ घाईने वाढते, तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि गळक्या असतात. झिरपलेले पाणी वाहून नेणारी लसिकावाहिन्यांची व्यवस्था आत नीट चालत नाही. त्यामुळे पेशींमधल्या जागेत द्रव साचतो, दाब चढतो आणि रक्तातून बाहेर पडू पाहणाऱ्या औषधाला आत ढकलणारा जोरच उरत नाही. आयआयटी कानपूरमधून शिकून पुढे हार्वर्डला गेलेल्या राकेश जैन यांनी हा दाबाचा विषय आयुष्यभर लावून धरला. शिवाय गाठीतल्या कित्येक पेशी जवळच्या रक्तवाहिनीपासून इतक्या लांब असतात की तिथे प्राणवायूही धड पोहोचत नाही. कालव्याच्या टेलला शेत असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागणार नाही: धरणातून पाणी सुटले, पाटाला आले, वरच्यांचे भिजले, आणि टेलपर्यंत येईतो पाट कोरडा. डोस वाढवणे म्हणजे धरणातून जास्त पाणी सोडणे. त्याने आधी वरची शेते सडतात.

गळक्या रक्तवाहिन्यांचा उलट फायदा घ्यावा, ही कल्पना १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडली. निरोगी वाहिनीतून बाहेर न पडणारे मोठे कण गाठीच्या वाहिनीतून निसटतील आणि लसिकेची वाट नसल्याने आतच अडकतील, असा तर्क. त्यावर औषधांची एक पिढी उभी राहिली. मेदाच्या सूक्ष्म कुपीत, म्हणजे लायपोसोममध्ये, बंद केलेले डॉक्सोरुबिसिन १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. २०१२ मध्ये तिथे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचे तसेच औषध आयात करायला अमेरिकी नियामकांनी परवानगी दिली होती. या औषधाने रुग्णांचे भले झाले ते मुख्यतः हृदयावरचा मार कमी झाला म्हणून. गाठीत जास्त औषध साचून जास्त रुग्ण बरे झाले, असे म्हणायला फारसा आधार सापडला नाही. हा फरक लक्षात ठेवलेला बरा, कारण पुढच्या सगळ्या हकिकतीत तोच पुन्हापुन्हा आडवा येतो.

अल्ट्रासाउंडची कल्पना इथे येते. औषध अंगभर फिरू दे, पण हव्या त्या जागी, हव्या त्या क्षणी, बाहेरून ध्वनी सोडून औषधाला आत घ्यायचे. आपल्याकडे सोनोग्राफी म्हटले की दवाखान्यातली ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटी डोळ्यांपुढे येते. तोच हा ध्वनी, फक्त कामाला वेगळ्या तऱ्हेने जुंपलेला. शरीराच्या मऊ भागांतून तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. दहा लाख हर्ट्‌झला त्याची तरंगलांबी दीड मिलिमीटर भरते, म्हणजे तो खोलवरच्या तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवरही एकवटता येतो. वाटेतली कातडी, चरबी, स्नायू यांना फारसे काही होत नाही. एकवटलेल्या जागी मात्र दोन गोष्टी घडवता येतात. जागा तापवता येते, किंवा तिथल्या रक्तातल्या बुडबुड्यांना नाचवता येते. या दोन वाटांचा इतिहास आणि आजची प्रकृती इतकी निराळी आहे की दोन्हींना एकाच नावाखाली जोखण्यात गल्लत होते.

आधी उष्णतेची वाट. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात असा लायपोसोम तयार झाला की जो शरीराच्या नेहमीच्या तापमानाला औषध धरून ठेवतो आणि ३९.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला की काही सेकंदांत ते सोडून देतो. थर्मोडॉक्स हे त्याचे नाव, आत तेच लाल डॉक्सोरुबिसिन. जो भाग चार-पाच अंशांनी तापवाल तिथेच औषध बाहेर पडेल, बाकी शरीरात कुपी बंदच. कागदावर याहून सुबक काही असू शकत नाही.

प्रत्यक्षात आधी त्याची जोडी अल्ट्रासाउंडशी लागलीच नाही. यकृतातली गाठ सुई खुपसून रेडिओलहरींनी जाळायची पद्धत होती. त्या जळण्याच्या कडेला तापलेल्या पट्ट्यात थर्मोडॉक्स काम करील, या हिशेबाने ७०१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. जानेवारी २०१३ मध्ये निकाल आला: आजार पुन्हा वाढायला लागणारा काळ काही लांबला नाही. मग आकडे पुन्हा चाळले गेले. एकच गाठ असलेल्या आणि ४५ मिनिटे किंवा त्याहून जास्त वेळ तापवलेल्या रुग्णांत फायदा दिसला. आशा परत जागी झाली, तेवढ्याच अटींवर ५५६ रुग्णांची दुसरी चाचणी उभी राहिली. २०२० मध्ये तिचेही पाणी जोखले गेले आणि तीही फसली. हरलेल्या चाचणीच्या राखेतून एक उपगट शोधून काढायचा आणि त्याच्यावर पुढची चाचणी रचायची, हा औषधविश्वातला जुना जुगार आहे. फासे बहुधा उलटेच पडतात.

या दोन अपयशांच्या मधोमध, २०१८ मध्ये, ऑक्सफर्डहून एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. या विषयातले सगळ्यात स्वच्छ मोजमाप मला त्यात दिसते. टारडॉक्स हे त्याचे नाव. चर्चिल हॉस्पिटलमध्ये यकृतात गाठ असलेले दहा रुग्ण घेतले. रुग्णाला पूर्ण भूल दिली, शिरेतून थर्मोडॉक्सची एकच मात्रा सोडली. मग गाठीत सुई घालून एक नमुना काढला. हा झाला ध्वनीआधीचा नमुना. त्यानंतर चोंगछिंगमध्ये बनलेल्या फोकस्ड अल्ट्रासाउंड यंत्राने गाठ हलकी तापवली. जाळायची नाही, नुसती कोमट करायची. पहिल्या सहा रुग्णांत गाठीतच तापमापक ठेवला होता. पुढच्या चौघांत आधीच्या अनुभवावर आणि गणितावर भिस्त ठेवली. ध्वनी थांबल्यावर त्याच गाठीतून दुसरा नमुना. दोन्ही नमुन्यांतले डॉक्सोरुबिसिन मोजले तेव्हा सरासरीने ते ३.७ पट वाढलेले निघाले. दहापैकी सातजणांत ठरवलेला निकष पुरा झाला.

या आखणीची खुबी अशी की रुग्णाची तुलना दुसऱ्या रुग्णाशी नाही, जुन्या नोंदींशी नाही, त्याच्या स्वतःच्याच गाठीशी आहे. आधी किती, नंतर किती. यात पळवाट फार थोडी. आणि तिची मर्यादाही तितकीच उघड. मात्रा एकच दिली होती. दहाही जणांचे कर्करोग डॉक्सोरुबिसिनला दाद देणारेच होते असे नाही. गाठ किती आटली, रुग्ण किती जगला, हा त्या चाचणीचा प्रश्नच नव्हता. पॉल लायन आणि कॉन्स्टँटिन कुसिओस यांच्या गटाने जेवढे विचारले तेवढ्याचेच उत्तर दिले. वर्तमानपत्रांनी मात्र मथळ्यांत बरेच पुढचे उत्तर छापले. त्याच गावात पुढे स्वादुपिंडाच्या गाठींसाठी पॅनडॉक्स नावाची चाचणी सुरू झाली.

बुडबुड्यांची वाट जास्त गुंतागुंतीची, आणि मला विचाराल तर जास्त मनोरंजक. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ग्रॅमियाक आणि शहा या जोडीने हृदयाच्या सोनोग्राफीत पाहिले की शिरेतून द्रव टोचताना सोबत गेलेले हवेचे बारीक बुडबुडे पडद्यावर लख्ख चमकतात. त्यातून पुढे मुद्दाम बनवलेले सूक्ष्म बुडबुडे बाजारात आले: आत सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा रक्तात न विरघळणारा जड वायू, बाहेर मेदाचे किंवा प्रथिनाचे पातळ कवच. सोनोव्ह्यू, डेफिनिटी ही त्यातली चलतीची नावे. आकार लाल रक्तपेशीएवढा किंवा त्याहून लहान, म्हणून ते केशवाहिन्यांतून बिनबोभाट पार होतात आणि काही मिनिटांत वायू श्वासावाटे निघून जातो. चित्र स्पष्ट दिसावे म्हणून डॉक्टर ते वर्षानुवर्षे वापरत आले आहेत.

या बुडबुड्यावर ध्वनी पडला की तो लाटेच्या तालावर फुगतो आणि आक्रसतो, सेकंदाला लाखो वेळा. अरुंद वाहिनीत असा बुडबुडा फुगला की भिंत ताणली जाते, आक्रसला की आत ओढली जाते, आणि भोवतीच्या द्रवात बारीक भोवरे उठतात. भिंतीच्या पेशींमधले सांधे त्याने सैल पडतात, पेशींच्या पडद्याला क्षणभर भोके पडतात. तेवढ्या अवधीत औषध पलीकडे सरकते. ताकद आणखी वाढवली तर बुडबुडा कोसळून फुटतो. मग मात्र भिंत फाटून रक्तस्राव होऊ शकतो. उपयोग आणि इजा यांत अंतर थोडे, आणि ते दर रुग्णाला, दर वाहिनीला बदलते. त्यावर काढलेली युक्ती मला फार आवडते: यंत्र बुडबुड्यांचा आवाज ऐकते. शांतपणे नाचणारे बुडबुडे सोडलेल्या ध्वनीच्या ठरावीक पटींतले आणि अंशांतले सूर परत पाठवतात. फुटणारे बुडबुडे नुसता खरखराट करतात. सूर ऐकू येईपर्यंत ताकद वाढवायची आणि खरखर सुरू झाली की मागे यायचे. हे सगळे उपचार चालू असताना, क्षणोक्षणी.

ही सावधगिरी कुठून आली हे सांगायला हवे. जर्मनीत पक्षाघाताच्या रुग्णांना रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या औषधाबरोबर कवटीतून ३०० किलोहर्ट्‌झचा ध्वनी देऊन पाहिला होता. त्याचा अहवाल २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. ध्वनी मिळालेल्या १४ पैकी १३ रुग्णांच्या एमआरआयमध्ये रक्तस्रावाच्या खुणा निघाल्या. नुसते औषध मिळालेल्या १२ जणांत त्या पाच जणांत होत्या. चाचणी तिथेच थांबवावी लागली. तो ध्वनी एका जागी एकवटलेला नव्हता, आणि कवटीच्या आत लाटा उलटसुलट आपटून भलत्याच ठिकाणी जोर धरतात, हे त्यातून कळले. मेंदूवर काम करणारा कोणताही गट ही चाचणी विसरत नाही, हे चांगलेच आहे.

आणि या विषयाचे खरे नाव झाले ते मेंदूतच. कारण तिथला अडथळा नेमका आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधल्या केशवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात, आणि त्यातूनही निसटलेले औषध परत रक्तात फेकणारे पंप तिथे इतके तत्पर असतात, की बहुतेक औषधे बाहेरच राहतात. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या सर्वात घातक गाठीत याचा फटका विचित्र जागी बसतो. गाठीचा गाभा गळका असतो, औषध तिथे थोडेफार जाते; पण गाभा तर शल्यविशारद कापूनच काढतो. मागे उरतात त्या कडेच्या निरोगी दिसणाऱ्या मेंदूत घुसलेल्या चुकार पेशी, आणि तिथे अडथळा शाबूत असतो. गाठ परत उगवते ती बहुतेक वेळा तिथूनच. २००५ मध्ये टेमोझोलोमाइड हे औषध रेडिएशनला जोडले गेले, तेव्हा मध्यक आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ वर गेले. एवढीशी वाढ जगभरचा प्रमाण उपचार ठरते, यावरून बाकीचे मैदान किती ओसाड आहे ते कळावे.

कुलेर्वो ह्युनिनेन यांनी २००१ मध्ये बोस्टनमध्ये सशांवर दाखवले की आधी बुडबुडे टोचून मग बेताचा ध्वनी दिला तर हा अडथळा एका जागी तात्पुरता उघडतो आणि मेंदूला दिसण्याजोगी इजा होत नाही. सशापासून माणसापर्यंत यायला तेरा-चौदा वर्षे लागली, ती बरीचशी कवटीपायी. हाड ध्वनी शोषते, तापते, लाटांची वेळ विसकटते. त्यावर दोन तोडगे निघाले. पहिला टोरोंटोच्या सनीब्रुक रुग्णालयातला. डोक्याचे केस पूर्ण काढून, चौकट घट्ट बसवून, रुग्णाला एमआरआयच्या बोगद्यात झोपवायचे; डोक्याभोवती १०२४ ध्वनिस्रोतांचे टोप, मध्ये थंड पाणी. कवटीची जाडी जागोजाग मोजून प्रत्येक स्रोताची वेळ अशी बदलायची की आत सगळ्या लाटा एकाच ठिपक्यावर एकदम पोहोचाव्यात. नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथे पहिल्यांदा मेंदूत गाठ असलेल्या रुग्णाचा अडथळा कवटी न उघडता उघडला गेला.

दुसरा तोडगा पॅरिसचा, आणि तो अगदी रांगडा आहे: कवटी आड येते ना, मग ध्वनिस्रोतच कवटीत बसवा. अलेक्झांडर कार्पांटिए यांच्या गटाने हाडाला पाडलेल्या भोकात बसणारे सोनोक्लाउड नावाचे छोटे यंत्र केले आणि २०१४ पासून रुग्णांत वापरले. उपचाराच्या दिवशी कातडीतून एक सुई टोचून यंत्राला वीज जोडायची, बुडबुडे सोडायचे, काही मिनिटे ध्वनी द्यायचा, औषध द्यायचे, घरी जायचे. एमआरआय लागतो तो अडथळा उघडला की नाही हे तपासायला.

याच यंत्राची नऊ स्रोतांची आवृत्ती घेऊन शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात अॅडम सोनाबेंद यांच्या गटाने जे केले ते २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधाची निवड पाहण्यासारखी आहे. पॅक्लिटॅक्सेल हे स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगातले नेहमीचे औषध. प्रयोगशाळेत ते ग्लायोब्लास्टोमाच्या पेशींना टेमोझोलोमाइडपेक्षा कितीतरी कमी मात्रेत मारते, पण मेंदूत शिरत नाही म्हणून कधीच बाद झालेले. त्याच्या जुन्या रूपातला विद्रावक मेंदूला घातक ठरण्याची भीती होती, म्हणून अल्ब्युमिन या प्रथिनाला बांधलेले रूप घेतले. गाठ परत आलेल्या १७ रुग्णांच्या शस्त्रक्रियेत मोठी गाठ काढली आणि हाडाच्या खिडकीत यंत्र बसवले. यातल्या काहींना त्याच वेळी, टेबलावरच, बुडबुडे, ध्वनी आणि औषध दिले गेले. मग कडेच्या मेंदूतून, जो भाग तसाही काढायचाच होता त्यातून, ध्वनी पडलेल्या आणि न पडलेल्या जागांचे नमुने घेतले. पॅक्लिटॅक्सेल ३.७ पट, आणि काहींना दिलेले कार्बोप्लॅटिन हे केमोचे दुसरे औषध ५.९ पट जास्त सापडले. आणखी एक गोष्ट मोजली गेली, तिची चर्चा कमी झाली: उघडलेला अडथळा बऱ्याच अंशी पहिल्या तासाभरातच मिटतो. म्हणजे ध्वनी सकाळी आणि औषध दुपारी असे चालणार नाही. वॉर्डात सलाइन लावायला उशीर झाला, तर सगळ्या खटाटोपावर पाणी.

सनीब्रुकचा २०२१ चा अभ्यास यापेक्षा लहान, चारच रुग्णांचा. पण औषध आत गेल्याचे त्यात जिवंत माणसात, नमुना न कापता दिसले. स्तनाचा कर्करोग मेंदूत पसरलेल्या स्त्रियांना ट्रास्टुझुमॅब द्यायचे होते. हा प्रतिपिंडाचा रेणू साध्या औषधांच्या शेकडो पट जड, तो मेंदूत जाण्याची आशाच नसते. त्याला इंडियमचा किरणोत्सारी ठिपका जोडला आणि कॅमेऱ्याने पाहिले. ध्वनी दिलेल्या गाठींत तो सरासरीने सुमारे दुप्पट उजळला.

इथवरचे सारे एकाच प्रश्नाचे उत्तर आहे: औषध पोहोचते का? पोहोचते. यकृतात पोहोचते, मेंदूत पोहोचते, दोन निरनिराळ्या वाटांनी पोहोचते. याबद्दल आता शंका घेण्यात अर्थ नाही. त्याने माणूस जास्त जगतो का, हे विचारले की जमीन भुसभुशीत होते.

पॅरिसच्या गटाने २०१९ मध्ये १९ रुग्णांचे आकडे दिले. ज्यांचा अडथळा एमआरआयवर स्पष्ट उघडलेला दिसला ते मध्यक १२.९४ महिने जगले. ज्यांचा फारसा उघडला नाही ते ८.६४ महिने. वाचताना मन हरखते. पण हे दोन गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. ज्यांचा अडथळा नीट उघडतो त्यांची गाठ कदाचित लहान असेल, स्रोताच्या जवळ असेल, शस्त्रक्रियेत जास्त निघाली असेल. अशा रुग्णांनी ध्वनीशिवायही जास्त जगावे यात नवल नाही. ग्लायोब्लास्टोमात असे मोह अनेकांना पडले आहेत, आणि दुसऱ्या टप्प्यात चमकलेली कितीतरी औषधे तिसऱ्या टप्प्यात विझली आहेत.

नॉर्वेतल्या बर्गनच्या प्रयोगाबाबत माझे मन अधिक द्विधा आहे, कारण आपल्या दृष्टीने तोच सर्वात जवळचा. हाउकेलांड विद्यापीठ रुग्णालयात स्वादुपिंडाचा, शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग असलेल्या दहा रुग्णांना नेहमीचे जेमसिटाबिन दिले आणि त्यानंतर सोनोव्ह्यूचे बुडबुडे टोचत पोटावर सोनोग्राफीचा प्रोब धरून ठेवला. खास यंत्र नाही, एमआरआय नाही, भूल नाही, भोक नाही. रुग्णालयात चित्रे काढायला वापरतात तेच सोनोग्राफीचे यंत्र, तेही मंजूर मर्यादेतल्या ताकदीवर. २०१६ मध्ये आकडे आले: मध्यक आयुर्मान १७.६ महिने. तुलनेला घेतलेल्या ६३ जुन्या रुग्णांत ते ८.९ होते. दुप्पट!

पण हे ६३ जण म्हणजे आधीच्या वर्षांच्या नोंदी. ध्वनी मिळालेल्यांनी सरासरी १३.८ वेळा केमो घेतली, जुन्यांनी ८.३ वेळा. अहवाल लिहिणारे म्हणतात, ध्वनीमुळे प्रकृती टिकली म्हणून जास्त केमो सोसली. असू शकेल. उलटही असू शकेल: ज्यांची प्रकृती मुळात टिकणारी होती त्यांनाच अशा प्रयोगात घेतले गेले. प्रयोगाला दर खेपेस येऊन अर्धा-पाऊण तास पडून राहायची ताकद असलेला रुग्ण आणि नोंदवहीतला सरसकट रुग्ण हे सारखे नसतात. शिवाय इथे गाठीतले औषध मोजलेच नव्हते. म्हणजे ऑक्सफर्डमध्ये औषध मोजले, आयुष्य नाही. बर्गनमध्ये आयुष्य मोजले, औषध नाही. दोन्ही टोके एकाच रुग्णाच्या अंगावर जोडणारा मोठा अभ्यास अजून समोर नाही.

स्वादुपिंडाची गाठ तर या सगळ्या आशावादाची जुनी वैरीण आहे. तिच्यात पेशींपेक्षा तंतूंचा चिवट राडाच जास्त. २००९ मध्ये उंदरांवर दिसले की तो राडा औषधाने विरळ केला तर जेमसिटाबिन आत शिरते आणि उंदीर जास्त जगतात. तीच कल्पना माणसांत नेली तेव्हा फसली. राडा विरघळवणारे एन्झाइम देऊन पाहिलेली दुसरी मोठी चाचणीही २०१९ मध्ये पडली. औषध आत जाणे आणि रोग हटणे यांत किती दरी असू शकते, हे त्या दोन प्रकरणांनी दाखवून ठेवले आहे. ध्वनीवाल्यांनी ती प्रकरणे आपली नव्हेत असे समजू नये.

उरलेल्या अडचणी झटकन सांगून टाकतो. प्रत्येक प्रयोगशाळेचा बुडबुडा वेगळा, मात्रा वेगळी, ध्वनीचा दाब आणि किती वेळ द्यायचा हेही वेगळे. त्यामुळे एकाचे यश दुसऱ्याला तसेच करून बघता येत नाही. श्वासाबरोबर यकृत दोन-तीन सेंटिमीटर खालीवर होते, नेम हुकतो. बरगड्या आणि आतड्यातला वायू ध्वनी अडवतात. आणि सर्वात मोठी अडचण म्हणजे कर्करोगाने मरणारे बहुतेक रुग्ण मूळ गाठीने नव्हे, तर रोग पसरल्याने मरतात. एका गाठीत औषध चौपट नेले तरी उरलेल्या चौदा गाठी तशाच राहतात. म्हणूनही मेंदू हे योग्य मैदान वाटते. ग्लायोब्लास्टोमा मेंदूबाहेर क्वचितच जातो, आणि त्याची लढाई खरोखरच त्या एका जागेची असते.

यात एक आडवाट लक्षवेधी आहे. अडथळा उघडला की औषध आत जाते, तसे गाठीचे तुटके डीएनएही रक्तात बाहेर येते. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हाँग चेन यांच्या गटाने यावरून डोक्यात सुई न घालता नुसत्या रक्तातून मेंदूच्या गाठीची जात ओळखायची पद्धत बांधायला घेतली आहे. कदाचित औषधाआधी हाच उपयोग रुग्णालयात पोहोचेल. औषधाच्या बाबतीत आयुष्य वाढल्याचा पुरावा लागतो, तपासणीला उत्तर बरोबर आले तरी पुरते.

आपल्याकडे या विषयाची बातमी येते ती बहुधा घोळ होऊन. ध्वनीने गर्भाशयाच्या गाठी जाळणे वेगळे, ध्वनीने यकृतातली गाठ चुरडून टाकणारी हिस्टोट्रिप्सी वेगळी. या दुसऱ्या पद्धतीला अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्या दोहोंत औषधाचा संबंध नाही. गाठीत औषध घुसवण्यासाठी ध्वनी देणे हा प्रकार हे लिहीपर्यंत नियमित उपचार म्हणून कुठे रुजू झालेला नाही. तो चाचण्यांतच आहे. नात्यातल्या कुणाला कुणी पैसे घेऊन हे देऊ करत असेल, तर ते नेमके कोणत्या नावाची चाचणी आहे आणि रुग्णाकडून पैसे का घेतले जात आहेत, हे दोन प्रश्न विचारावेत.

बर्गनची वाट खरी ठरली तर मात्र गोष्ट वेगळी होईल. १०२४ स्रोतांचे टोप आणि एमआरआय महानगराबाहेर जाणार नाही. सोनोग्राफीचे यंत्र तालुक्याच्या गावीही असते, बुडबुडे शिरेतून टोचता येतात आणि जेमसिटाबिन आता जुने, स्वस्त औषध आहे. दुर्दैव असे की जिथे यंत्र सर्वात महाग तिथे पुरावा सर्वात भक्कम, आणि जिथे यंत्र सर्वात स्वस्त तिथे पुरावा सर्वात तकलादू. स्वस्त वाटेवर मोठी चाचणी करायला पैसा कोण घालील? यंत्र विकणाऱ्याचा त्यात फायदा नाही, जुने औषध विकणाऱ्याचाही नाही. हे काम सरकारी पैशावर चालणाऱ्या कर्करोग संस्थांचे, आणि केमोला रांगा लावणारे रुग्ण आपल्याकडे हवे तितके आहेत.

मेंदूपुरते उत्तर बहुधा आधी मिळेल. सोनोक्लाउडची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी, सोनोबर्ड, २०२४ पासून युरोप-अमेरिकेत रुग्ण घेते आहे. पहिल्यांदा परत आलेला ग्लायोब्लास्टोमा. चिठ्ठ्या टाकून दोन गट. एकाला यंत्र आणि कार्बोप्लॅटिन, दुसऱ्याला नेहमीचे लोमुस्टिन किंवा टेमोझोलोमाइड. मुख्य निकष एकच, रुग्ण किती जगला. आखणी रास्त आहे. माझी कुरकुर औषधाबद्दल. कार्बोप्लॅटिन ग्लायोब्लास्टोमावर तसे मवाळच. शिकागोत धारदार ठरू पाहणारे पॅक्लिटॅक्सेल या चाचणीत नाही. दोन्ही गटांत ध्वनी देऊन किंवा दोन्ही गटांत कार्बोप्लॅटिन देऊन तुलना होणार नसल्याने, निकाल वाईट लागला तर ध्वनी हरला की औषध हरले, यावर वाद होईल. निकाल चांगला लागला तरी श्रेय कसे वाटायचे, यावरही होईलच.